बॅच वयावरून पाडू नकोस

अगं, तुझा मेल वाचला. महापेच्या प्लांटला नवीन ईआरपी, म्हणजे स्टोअर्सपासून डिस्पॅचपर्यंत सगळं नोंदवायचं सॉफ्टवेअर, येतंय आणि ट्रेनिंगला पंचेचाळीसच्या वरचे एकीकडे, पोरंसोरं दुसरीकडे असं एचआरने ठरवलंय म्हणतेस. ते आधी थांबव.

अशी बॅच पाडली की सीनियर लोकांना पहिल्याच दिवशी कळतं आपल्याला 'ढ' तुकडीत टाकलंय, मग ते हाताची घडी घालून बसणार आणि तू समजलं का विचारलंस की सगळे हो म्हणणार. त्या 'हो'वर जाऊ नकोस. २०१८ ला माल पाठवायला जीएसटीचं ऑनलाइन ई-वे बिल आलं तेव्हा टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे आपल्या नवी मुंबईच्या एमआयडीसीतल्या, स्टोअर्समधले पन्नाशीचे लोक शिकलेच ना, कारण बिलाशिवाय गाडी गेटबाहेर निघत नव्हती.

कामावरून बॅच पाड. स्टोअर्सचे स्टोअर्सबरोबर, डिस्पॅचचे डिस्पॅचबरोबर, बावीसचा आणि बावन्नचा शेजारी शेजारी. आणि पीपीटी नको प्लीज, खरं चलान घे. चलानावर ४० ड्रम, मोजले तर ३९, आता जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, कशी करायची? पोरगं चलान बघून पटकन ४० टाकून सेव्ह मारेल आणि काका म्हणतील थांब रे, आधी शॉर्टेजवर ड्रायव्हरची सही घे, तो एकदा निघाला की कोण विचारतंय. हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाहीये.

फक्त पोराला काकांचा माऊस धरू देऊ नकोस. तरुण मंडळी दोन मिनिटांत वैतागतात, "द्या इकडे, मी करतो", की काकांचं शिकणं तिथेच बंद. पोराला म्हणावं, तोंडाने सांग, बोटाने दाखव, बस.

फॉन्ट न विचारताच मोठा ठेव, चष्मा घरी राहिला हे चारचौघांत कोणी बोलत नाही. पोरांना पासवर्ड-बिसवर्ड सगळं जमतं, पण ड्रमचा बॅच नंबर चुकला तर क्यूसीत, म्हणजे माल तपासणीत, काय गोंधळ उडतो ते माहीत नसतं, त्यांना आधी गोडाऊन फिरवून आण.

शिफ्ट सुटल्यावर तर ट्रेनिंग ठेवूच नकोस, माणसाचं लक्ष घणसोलीहून ठाणे लोकल पकडण्यात असतं. शिफ्टच्या सुरुवातीला अर्धा तास घे आणि तेच दोन-तीन दिवसांनी पुन्हा घे. शिकलेलं किती लवकर उडतं हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ लाच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय, तरी आपल्याकडे एका शनिवारी आठ तास कोंबतात, सह्या घेतात, फाईल बंद.

एचआरला वयाचा कॉलम हवाच असेल तर अटेंडन्स शीटवर टाकून दे. सुरुवात स्टोअर्सपासून कर, माल तिथेच सिस्टीमला चुकीचा चढला तर डिस्पॅचवाले काय करणार. पहिला आठवडा झाला की फोन कर.