ओबीएसचा कॅमेरा फेसटाइममध्ये दिसत नसेल तर
ओबीएस (रेकॉर्डिंग आणि लाइव्ह स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायचा खटाटोप सोड. ओबीएसमधलं चित्र दुसऱ्या ॲपला कॅमेऱ्यासारखं दाखवणारी सोय म्हणजे व्हर्च्युअल कॅमेरा. मॅकवर ओबीएस 29पर्यंत तो म्हणजे जुनं प्लगिन, ते थेट समोरच्या ॲपच्या आत शिरून चालतं. परक्या डिजिटल सहीचा (म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बनवल्याची खूण असलेला) कोड फेसटाइम आत घेतच नाही. ॲपची सही उडवायचे टर्मिनलचे उपाय सापडतील, त्यांच्या नादी लागू नकोस. सुरक्षा जाते, आणि अपडेट आलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. मॅकओएस 13 किंवा पुढचं असेल तर सरळ ओबीएस 30 किंवा त्यापुढचं घे. त्यातलं कॅमेरा एक्स्टेन्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, ॲपला फक्त चित्र मिळतं. ओबीएस मात्र डाउनलोड्समधून चालवू नकोस, ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये हलव. ‘स्टार्ट व्हर्च्युअल कॅमेरा’ दाबल्यावर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी दे, मग फेसटाइम बंद करून उघड.