टाके निघाले म्हणजे हाड जुळलं असं नाही

पायाच्या अंगठ्याच्या, म्हणजे बनियनच्या ऑपरेशनबद्दल आलेले प्रश्न वाचताना एक शब्द पुन:पुन्हा दिसतो : गाठ. ‘गाठ काढली’, ‘एवढीशी गाठ होती, मग सहा आठवडे कशाला?’ बनियन ही गाठ नसते. अंगठ्यामागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, हळूहळू दुसऱ्या पावलाच्या दिशेला सरकतं, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो आणि मधला सांधा बाहेर येऊन बुटाला घासायला लागतो. ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा हे हाड करवतीने कापून, जागेवर सरकवून स्क्रूने बसवतात. सर्जनने मोजूनमापून केलेलं ते फ्रॅक्चरच असतं. एवढं लक्षात ठेवलं असतं तर खालचे निम्मे प्रश्न आलेच नसते.

प्रश्न : ऑपरेशनला बारा दिवस झाले. दुखणं जवळजवळ नाही. डॉक्टरांनी दिलेला बूट जड वाटतो, म्हणून घरात तो न घालता चालते. पलंगापासून बाथरूमपर्यंतच. चालेल ना?

नाही. आजपासून एक पाऊलही नाही.

दुखणं कमी होतं ते कातडी आणि वरच्या मऊ भागाचं. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. कापलेलं हाड धरायला मात्र सहा आठवडे तरी लागतात, आणि ते धरलं की नाही हे एक्स-रे सांगतो, तुम्हाला कसं वाटतंय ते नाही. तोवर हाड त्या एक-दोन स्क्रूंच्या भरवशावर असतं. साधं पाऊल टाकताना शेवटच्या क्षणी टाच उचलली जाते आणि शरीराचं वजन चवड्यावर, त्यातही अंगठ्याच्या मुळाशी येतं. नेमकं तिथंच तुमचं हाड कापलेलं आहे. कडक तळाचा किंवा टाचेकडे जाड असलेला तो बूट वजन टाचेवर ठेवतो. तो जड आहे, बेढब आहे, पण त्याचं काम तेच आहे.

माझ्या एक रुग्ण तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या खोलीत वाजणारा फोन घ्यायला अनवाणी धावल्या. जेमतेम आठ पावलं. त्यांना काहीतरी ‘सरकल्यासारखं’ वाटलं, पण सूज नेहमीचीच म्हणून त्या थांबल्या. पाच दिवसांनी आल्या तेव्हा एक्स-रेत हाडाचा पुढचा तुकडा वर उचललेला होता. दुसरं ऑपरेशन करावं लागलं. सगळ्यांचं असं होत नाही, पण कुणाचं होईल ते आधी कळत नाही.

रात्री उठताना बूट शोधावा लागू नये म्हणून तो पलंगाला लागूनच ठेवा. आणि तुमचं नेमकं कुठलं हाड, कुठं कापलं, वजन किती टाकायचं, हे सर्जनकडून कागदावर लिहून घ्या. सांधा कायमचा जोडण्याचं, उदाहरणार्थ लॅपिडस नावाचं ऑपरेशन झालं असेल, तर कित्येकदा काही आठवडे पाय टेकवायचाच नसतो. बारा दिवस तुम्ही बुटाशिवाय चाललात हेही सर्जनला सांगा, लपवू नका. गरज वाटली तर ते लगेच एक्स-रे काढतील.

प्रश्न : ऑपरेशनच्या दिवशी अजिबात दुखत नव्हतं, म्हणून गोळी घेतली नाही. रात्री दोन वाजता असह्य कळा सुरू झाल्या. ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?

बहुधा नाही. पाय सुन्न करण्यासाठी दिलेलं इंजेक्शन साधारण 12 ते 24 तासांत उतरतं आणि ते उतरताना एकदम उतरतं. म्हणून गोळ्या पाय सुन्न असतानाच, लिहून दिलेल्या वेळेला सुरू करायच्या. कळा आल्यावर त्यांच्यामागे धावायचं नाही. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील, तर कुठली गोळी चालेल ते आधीच विचारून ठेवा. पाय सुन्न असताना त्यावर बर्फही ठेवू नका, कातडी भाजली तरी कळणार नाही.

प्रश्न : तिसरा आठवडा सुरू आहे. पाय सतत वर ठेवतो, समोर स्टूल घेऊन. तरी संध्याकाळपर्यंत पाऊल जांभळं पडतं आणि कातडी ताणते. ओळखीतल्या एकांनी सूज उतरायची गोळी सुचवली आहे. घेऊ का?

गोळी घेऊ नका. आणि स्टुलावरचा पाय हा वर ठेवलेला पाय नाही.

या एका गोष्टीबद्दल मी दर आठवड्याला तळमळीने बोलतो आणि तरीही दर आठवड्याला स्टुलावरचे पाय बघतो. पाय वर याचा अर्थ हृदयापेक्षा वर. खुर्चीत बसून समोर पाय टेकवला तर पाऊल कमरेच्या पातळीला येतं, छातीच्या खालीच राहतं. त्यासाठी आडवं व्हायला हवं. पोटरीपासून पावलापर्यंत उशांचा उतार करायचा, गुडघा किंचित वाकलेला आणि टाच मोकळी. टाचेखाली उशीचा दाब सतत राहिला तर तिथंच जखम होते, मग एकाऐवजी दोन जखमा सांभाळत बसा.

वॉर्डात मी रुग्णाला आणि नातेवाइकांना एक गोष्ट डोळ्यांनी दाखवतो. रुग्णाला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवतो आणि सगळ्यांना पट्टीतून बाहेर आलेली बोटं बघायला सांगतो. दोनच मिनिटांत गुलाबी बोटं लालसर आणि मग जांभळट होतात, नखांभोवतीची कातडी चमकायला लागते. रुग्ण म्हणतो, ‘आत ठणकायला लागलं.’ मग आडवं करून पाय उशांवर घेतो. रंग उतरताना दिसतो, ठणकाही उतरतो. हे पाहिलेला माणूस स्टूल मागत नाही.

असं का होतं? पावलातलं रक्त आणि पाणी वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू चालताना करतात. तुमचं चालणं बंद आहे, म्हणजे तो पंप बंद आहे. पाय खाली राहिला की पाणी पावलातच साठतं. अंगठ्याच्या मुळाशी कातडी पातळ असते आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. सूज आली की ती कातडी ताणते, टाके रुततात, जखमेच्या कडांना रक्त कमी पडतं आणि कडा आधी पांढऱ्या, मग काळ्या पडतात. कडा उघडल्या की खाली थेट हाड आणि स्क्रू. जंतू तिथं पोचले तर पुढचे कित्येक महिने त्यातच जातात. जखम बिघडलेले अनेक रुग्ण मला ठामपणे सांगतात की पाय तर वरच होता. खोदून विचारल्यावर कळतं की पाचव्या दिवसापासून ते टेबलाशी बसून आठ-आठ तास घरून काम करत होते. ऑफिसने सुट्टी दिली नाही म्हणे. ऑपरेशनची तारीख ठरवतानाच पहिल्या दोन आठवड्यांची पूर्ण सुट्टी मागायची असते, आणि ती मिळत नसेल तर तारीख पुढे ढकलायची असते. हे ऑपरेशन सहसा तातडीचं नसतं.

तर पहिले दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ आडवं राहायचं. जेवण, बाथरूम आणि तासातून पाच-दहा मिनिटं बुटात सावकाश फिरणं, एवढंच. घोटा आणि गुडघा पडल्या-पडल्या हलवत राहा, सर्जनने घोटा बांधून ठेवलेला नसेल तर. तिसऱ्या आठवड्यापासून पाय खाली ठेवायचा वेळ हळूहळू वाढवा आणि ठणका लागला की पुन्हा वर घ्या. तो ठणका हेच तुमचं घड्याळ. थोडी सूज तीन ते सहा महिने राहते, काहींना वर्षभरही. संध्याकाळी बूट घट्ट होणं त्यातच आलं.

लघवी वाढवून सूज उतरवणाऱ्या गोळ्या हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, यकृताच्या दुखण्यासाठी असतात. तुमच्या पावलात साठलेल्या पाण्याचं कारण वेगळं आहे. त्या गोळ्या विनाकारण घेतल्या तर शरीरातले क्षार बिघडतात. दुसऱ्याच्या डब्यातली गोळी आपल्या पायाला लावायची नाही.

एक पथ्य पाळाच : पाय वर घेऊनही बोटं अर्ध्या तासात पूर्ववत झाली नाहीत, निळी, पांढरी किंवा गार राहिली, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. पट्टी करकचून बसली असू शकते. आणि तिसऱ्या आठवड्यातही कातडी ताणते आहे म्हणजे जखम कुणीतरी प्रत्यक्ष बघायला हवी. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : वॉकर घेऊन जिना कसा चढायचा?

वॉकर घेऊन चढायचाच नाही. कठडा आणि कुबडी घ्या, मागे माणूस ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून दाखवल्याशिवाय एकट्याने करू नका.

प्रश्न : चार दिवसांपासून ऑपरेशनच्या पायाची पोटरी दुखते आहे आणि घट्ट झाली आहे. घरच्यांच्या मते पडून राहिल्याने आखडली आहे, म्हणून तेल लावून चोळतो. थोडा आराम वाटतो. काय करावं?

हा प्रश्न विचारण्यात चार दिवस जायला नको होते. वाचल्या वाचल्या मी त्यांना निरोप पाठवला, पण इतरांसाठी इथं लिहितो. पायाच्या ऑपरेशननंतर एका बाजूची पोटरी दुखणं, सुजणं, गरम लागणं म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आखडली आहे की गुठळी आहे हे बोटांनी दाबून घरच्यांना कळत नाही, डॉक्टरांनाही खात्रीसाठी डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते. चोळण्याने तर ती गुठळी सुटायची भीती असते. सुटलेली गुठळी फुप्फुसात अडकली तर माणूस दगावतो. अशी पोटरी त्याच दिवशी दाखवायची. धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर थेट रुग्णवाहिका बोलवायची. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि पाय प्लास्टरमध्ये असलेल्यांनी हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

प्रश्न : अंगठा पुन्हा वाकू नये म्हणून रात्री लावायचा सिलिकॉनचा पट्टा आणि हाड लवकर जुळवणारी पावडर, असा संच जाहिरातीत पाहिला. पट्टी सोडून पट्टा लावला तर?

पट्टी सोडायची नाही. बोटांमध्ये घडी घालून बसवलेली ती पट्टी नुसती जखम झाकत नाही, अंगठ्याला योग्य दिशेला धरून ठेवते. ऑपरेशननंतर पट्टा लागणार असेल तर कुठला, कधीपासून आणि कसा हे सर्जन सांगतील. अशा जाहिरातींमध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो असतात. नंतरचा फोटो पट्टा पायात असतानाचा असतो, हे जरा निरखून बघा. पट्टा काढला की अंगठा पुन्हा आपल्या जागी, आणि पैसे त्यांच्या खिशात.

पावडरीबद्दल : रक्तात ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढणं योग्यच, पण तपासून आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. कापलेलं हाड स्थिर राहिलं आणि त्याला रक्त मिळालं की जुळतं. ते रक्त तोडणारी गोष्ट म्हणजे तंबाखू. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम रेंगाळते आणि हाड न जुळण्याचा धोका वाढतो. बहुतेक ई-सिगारेटमध्येही निकोटीन असतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, या काळात ती पावडरीपेक्षा कितीतरी महत्त्वाची.

प्रश्न : माझ्या नणंदेचं दुर्बिणीसारख्या बारीक छिद्रांतून झालं, त्या त्याच दिवशी चालल्या. मला का थांबवलं?

छिद्रं बारीक असली तरी आत हाड कापलेलंच असतं, आणि त्याला जुळायला वेळही तेवढाच लागतो. त्या चालल्या असतील त्या बुटात, टाचेवर. तुमचं ऑपरेशन वेगळं, तुमचं हाड वेगळं. तुमच्या सर्जनला विचारा.

प्रश्न : अंघोळीच्या वेळी पट्टी भिजली. हेअर ड्रायरने वाळवली. पुरेसं आहे?

नाही. आतली ओल राहते. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन बदलून घ्या. हाड धरून ठेवणारी तार अंगठ्यातून बाहेर आलेली असेल तर अजिबात वेळ घालवू नका, तारेच्या कडेने जंतू आत जातात. यापुढे स्टुलावर बसून, पाय न्हाणीबाहेर काढून अंघोळ करा.

प्रश्न : गाडी कधी चालवू?

उजवा पाय असेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, बूट सुटल्यावर आणि जोरात ब्रेक दाबता आला तरच. डावा पाय आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर आधीही जमतं. झोप आणणाऱ्या वेदनाशामकांवर असताना कुणीच चालवू नये. सर्जनची परवानगी घ्या.

प्रश्न : अंगठ्याची कडेची कातडी बधिर आहे आणि अंगठा कडक झाला आहे. स्वतः वाकवायला सुरुवात करू?

बधिरपणा तिथून जाणाऱ्या बारीक नसेमुळे येतो. बहुतेकांचा काही महिन्यांत कमी होतो, थोडा राहूही शकतो. वाकवण्याबद्दल मात्र आधी विचारा. सांधा राखलेला असेल तर टाके निघाल्यावर बऱ्याचदा व्यायाम सुरू करतात, आणि तो टाळला तर अंगठा खरोखरच आखडतो. सांधा जोडलेला असेल तर तो वाकवायचाच नसतो. कुठलं ऑपरेशन झालं हे माहीत नसताना व्हिडिओ बघून बोट ओढू नका. लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढत असेल, तर व्यायामाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी जखम दाखवा.

प्रश्न : दुसऱ्या पायाचंही करायचं आहे. किती दिवसांनी?

दिवसांनी नाही, महिन्यांनी. आधी या पायाच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसू दे, रोजच्या बुटात तुम्हाला नीट चालता येऊ दे. पुढच्या काळात सगळा भार याच पायावर येणार आहे. तोवर दुसऱ्या पायासाठी पुढून रुंद बूट वापरा आणि तारीख सर्जनबरोबर बसून ठरवा.