झोपलेल्या पेशंटकडे बघत बसायचं, हे काम आहे काय?

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. मुलीनं चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केलं आणि जिल्ह्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात लागली. ते लिहितात: "पोरीला ऑपरेशन थिएटरात न घेता दुर्बिणीच्या नाही तर एमआरआयच्या खोलीत उभं करतात. पेशंटला झोपेचं इंजेक्शन दिलं की त्याच्याकडे बघत राहायचं. हे काही काम आहे काय? त्यापेक्षा भूल द्यायचा कोर्स करू द्यावा काय?"

भाऊ, नमस्कार.

कोर्सचं आधी सांगते. आपल्याकडे भूल देणं हे भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं काम आहे. अमेरिकेत खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका भूल देतात, पण इथं तसा हिशेब धरून मुलीचं पुढचं ठरवू नका. ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची पदवी घेणारा टेक्निशियन होतो. मशीन तयार ठेवणं, डॉक्टरांना साहित्य देणं हे त्याचं काम, आणि ते मोलाचंच आहे. पण तुमची मुलगी शिकून परिचारिका झाली आहे. आणखी तीन-चार वर्षं आणि फीचे पैसे त्यात घालण्यात मला तिचा फायदा दिसत नाही.

आता "बघत राहायचं" या शब्दांकडे येते, कारण तुमचं पत्र वाचताना मी तिथंच अडले. वीस वर्षं मी वॉर्डात काढली आहेत. थिएटरात पेशंटभोवती चार-पाच माणसं असतात, भूलतज्ज्ञ उशाशी असतात, हाताशी सगळं असतं. दुर्बीण घालून पोट तपासतात त्या खोलीत मात्र दिवे मंद केलेले, डॉक्टरांची नजर पडद्यावर, आणि पेशंट कुशीवर. त्याचा श्वास कोण बघतं? सिस्टर. हलकी झोप आणि पूर्ण भूल यांच्यात भिंत नसते, उतार असतो. तोच डोस एकाला नुसती गुंगी आणतो, तर दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाची जीभ मागे पडून श्वास अडतो. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर श्वास थांबल्यावरही बोटावरचं यंत्र काही वेळ ९७-९८ दाखवत राहतं. म्हणून छाती हलते का, घोरणं एकदम बंद झालं का, हे बघावं लागतं. जिथं कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आहे, तिथं श्वास थांबताच त्याची रेघ सपाट होते, आणि ती वाचता येणं हीच खरी कमाई.

एमआरआयची खोली आणखी वेगळी. तिथलं चुंबक कायम चालू असतं. घाबरून कुणी लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर आत नेला, तर तो बंदुकीच्या गोळीसारखा ओढला जातो. पेशंट बिघडला तर त्याला आधी बाहेर काढायचं, मग पुढचे उपचार. हे अंगवळणी पडलेली सिस्टर दवाखान्याला सहजी मिळत नाही.

आणि आपल्या भागातलं जे तिला ठाऊक आहे, ते मुंबईहून आलेल्या मुलीला शिकवावं लागेल. पेशंट खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खातो काय? मग तोंड किती उघडतं ते आधी बघ. बोटभरच उघडत असेल, तर अडचणीच्या वेळी नळी घालणं कठीण, म्हणून भूलतज्ज्ञांना सुरू होण्यापूर्वीच सांग. घरात कुणाला सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे काय? अशा पेशंटला ऑक्सिजन कमी पडणं, अंगातलं पाणी कमी होणं, गारठा, तिन्ही घातक. "उपाशी आहे" म्हणणारा पेशंट एसटीतून उतरल्यावर दुधाचा चहा प्यालेला असतो. चहा त्याच्या हिशेबात जेवण नसतो! साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, दुधाला आणि हलक्या खाण्याला ६ तास लागतात. माझ्या नोकरीत एकदा असाच चहा विचारायचा राहिला होता. पेशंटला झोपेत उलटी झाली, ती श्वासात गेली, आणि तो चार दिवस आयसीयूत राहिला. तेव्हापासून मी "काही खाल्लं काय?" असं विचारलंच नाही. "सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" असं विचारत आले.

घरी सोडतानाही तेच. सोबत माणूस हवा. २४ तास मोटरसायकल नाही, फवारणी नाही, कुठल्या कागदावर सही-अंगठा नाही.

पुढच्या वाटेबद्दल माझं मत असं. आधी एक-दोन वर्षं तिनं आयसीयू किंवा रिकव्हरीत ड्यूटी मागून घ्यावी, सोबत बीएलएस आणि एसीएलएसचं, म्हणजे हृदय-श्वास बंद पडल्यावर जीव वाचवण्याचं प्राथमिक आणि पुढचं प्रशिक्षण. त्यानंतर ऑपरेशन रूम नर्सिंग किंवा क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. पुढं जायचं तर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. प्रवेश घेण्याआधी संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, तेवढं नक्की बघा.

एका बाबतीत मात्र तिनं ठाम राहावं. भूलतज्ज्ञ हजर नसताना प्रोपोफॉल हे भुलीचं औषध तिच्या हातून द्यायला सांगितलं, तर नाही म्हणायचं. आणि जी श्वास बघते, तिला त्याच वेळी बायॉप्सीची बाटली धरायला लावू नये. नोकरी जाईल ही भीती मला कळते, घरचं कर्जही कळतं. तरी नाही म्हणायचं.

रविवारी घरी आली की तिला एवढं विचारा: त्या खोलीत सक्शन, म्हणजे तोंडा-घशातली उलटी-लाळ ओढून घेणारं यंत्र, चालू आहे काय? लाइन गेली तर मॉनिटर किती वेळ चालतो? मिडाझोलाम या झोपेच्या इंजेक्शनचा उतारा, फ्लुमाझेनिल, ट्रॉलीत आहे काय, आणि त्याची तारीख कुणी बघितली? यातलं काही "नाही" निघालं, तर तिनं सोमवारी इन्चार्ज सिस्टरना लेखी द्यावं आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी. काय उत्तर मिळालं ते मला कळवा.