संख्याशास्त्र शेवटी ठेवू का?

प्रश्न : मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं माझं पहिलं सत्र चालू आहे. संख्याशास्त्र जड जातं. ते शेवटच्या सत्रात, प्रबंधाबरोबर घेतलं तर चालेल का?

उत्तर : नियमात बसत असलं तरी तसं करू नका. नमुना किती मोठा हवा, हे संशोधन आराखड्यातच लिहावं लागतं. दोन गटांच्या सरासरींमधला मध्यम आकाराचा फरक पकडायचा असेल, तर ०.०५ सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असं वाटण्याची जोखीम ५ टक्के) आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात ६४ जण लागतात, म्हणजे एकूण १२८. हे प्रश्नावल्या भरून घेतल्यावर कळलं, तर पुन्हा माणसं शोधत फिरावं लागतं. म्हणून संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती आधी, ऐच्छिक विषय नंतर.

मग प्रबंधाच्या मुदतीपासून उलटं मोजत या. सगळ्यात जास्त वेळ अडतो तो नैतिकता समितीच्या मंजुरीत. संमतीपत्रात सहभागींना कधीही माघार घेता येईल हे वाक्य नसलं, किंवा माहिती कुठे आणि किती काळ ठेवणार ते सांगितलं नसलं, की अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. मंजुरीआधी एकही प्रश्नावली भरून घेऊ नका. समितीच्या बैठकीची तारीख आजच विचारून ठेवा. मानसशास्त्रीय चाचणी वापरायची परवानगीही त्याच आठवड्यात मागा.