जपानचा जेआर पास भारतातूनच काढून न्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: मे महिन्यात दोघं १२ दिवसांसाठी जपानला जाताय. टोकियो, क्योटो, हिरोशिमा, ओसाका आणि परत टोकियो. एजंट म्हणतोय, सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेच्या गाड्यांतून तेवढे दिवस हवं तितकं फिरायचा पास) इथूनच घ्या, पैसे वाचतील. घ्यावा का?

तुमच्या या मार्गासाठी घेऊ नका. देशभर चालणाऱ्या पासऐवजी एक छोटा प्रादेशिक पास आणि दोन सुटी तिकिटं घ्या. माणशी साधारण चार हजार येन वाचतील, शिवाय सात दिवसांत सगळं उरकायची धावपळ टळेल.

"जपानला जायचं तर आधी पास काढा" हा सल्ला एके काळी अगदी बरोबर होता. सात दिवसांचा साधा पास परदेशातून २९,६५० येनला मिळायचा आणि टोकियो-क्योटो जाऊन-येऊनच जवळपास वसूल व्हायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून तोच पास ५०,००० येन झाला. १४ दिवसांचा ८०,००० आणि २१ दिवसांचा १,००,०००. मात्र जुने व्हिडिओ आणि जुने ब्लॉग अजून तसेच फिरताहेत, आणि बरेच एजंट आजही त्याच हिशेबाने बोलतात.

आता तुमच्या मार्गाची बेरीज करू. आरक्षित जागेसह नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, दर धरले आहेत. हंगामाप्रमाणे त्यात दोन-चारशे येन इकडचे तिकडे होतात. टोकियो ते क्योटो साधारण १४,२००, क्योटो ते हिरोशिमा ११,४००, हिरोशिमा ते ओसाका १०,७०० आणि ओसाका ते टोकियो १४,७००. एकूण ५१,००० येन. पास ५०,००० ला. म्हणजे कागदावर हजारभर येन सुटतात, त्यात क्योटोजवळच्या नारा शहराला वगैरे जाणाऱ्या स्थानिक जेआर गाड्यांचे थोडे मिळवा. पण हे तेव्हाच, जेव्हा टोकियो सोडल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा प्रवास सलग सात दिवसांत बसतो. आठव्या दिवशी परतलात तर शेवटचे १४,७०० खिशातून जातील आणि पास सरळ तोट्यात.

दुसरी अडचण नोझोमीचीच आहे. नोझोमी आणि मिझुहो या गाड्या पासमध्ये धरलेल्या नाहीत. त्यांत बसायचं तर वेगळे पैसे भरावे लागतात: टोकियो-क्योटो एका वेळचे ४,९६० येन, टोकियो-हिरोशिमा ६,५००. न भरता जायचं तर हिकारी. ती क्योटोला साधारण २ तास ४० मिनिटांत पोहोचते, म्हणजे नोझोमीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटंच जास्त, पण तासाला दोनच गाड्या असतात आणि त्या लवकर भरतात. हिरोशिमाला जाताना शिन-ओसाका किंवा शिन-कोबेला उतरून साकुरा गाडी पकडावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा. टोकियो-क्योटो आणि ओसाका-टोकियो ही दोन तिकिटं सुटी काढा आणि मधल्या भागासाठी जेआर वेस्ट या कंपनीचा कान्साई-हिरोशिमा एरिया पास घ्या (कान्साई म्हणजे क्योटो-ओसाकाचा भाग). तो सलग पाच दिवस चालतो आणि ऑक्टोबर २०२३ च्या दरवाढीनंतर १७,००० येनला आहे. बेरीज: १४,२०० + १७,००० + १४,७०० = ४५,९००. या पासवर शिन-ओसाका ते हिरोशिमा या पट्ट्यात नोझोमीसुद्धा चालते, वेगळे पैसे न भरता. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची जेआरची फेरीबोटही त्यात येते, फक्त बेटाचा १०० येनचा पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो.

या पासमध्ये एक खाच आहे. क्योटो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा तुकडा त्यात येत नाही, कारण तो मार्ग जेआर सेंट्रल या दुसऱ्या कंपनीचा आहे. क्योटोहून साध्या जेआर मार्गावरच्या स्पेशल रॅपिड गाडीने अर्ध्या तासात ओसाका भागात यायचं आणि शिन-ओसाकाला शिंकान्सेन धरायची. क्योटोलाच शिंकान्सेनच्या तिकीट-फाटकात पास घातलात, तर त्या तुकड्याचं भाडं वेगळं द्यावं लागेल.

पाच दिवस सुरू कधी करायचे, यावर खरी बचत ठरते. क्योटो शहरातली बरीच देवळं बस आणि भुयारी रेल्वेने बघावी लागतात. तिथे पास चालत नाही, तेव्हा ते दिवस पासबाहेर ठेवा. ज्या दिवशी नाराला जाणार त्या दिवशी पास सुरू करा. फुशिमी इनारीचं देऊळ त्याच जेआर नारा मार्गावर आहे, इनारी स्टेशनच्या अगदी समोर, ते जाता-येता होतं. दुसऱ्या दिवशी हिमेजीचा किल्ला, तिसऱ्या दिवशी हिरोशिमा, चौथ्या दिवशी मियाजिमा, पाचव्या दिवशी ओसाकाला परत. हिरोशिमातली ट्राम जेआरची नाही. स्टेशनवरून सुटणारी मेइपुरु-पू नावाची पर्यटक बस मात्र पासवर चालते आणि शांती उद्यानापर्यंत नेते.

विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर उतरायचं टोकियोला आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून, असं बघा. परतीचे १४,७०० येन आणि अर्धा दिवस दोन्ही वाचतात. ओसाकाहून कान्साई विमानतळाला जाणारी हारुका गाडीही याच प्रादेशिक पासवर चालते, फक्त तो दिवस पाच दिवसांत बसवा.

सुटी तिकिटं स्मार्ट-ईएक्स या ॲपवर काढता येतात. आपलं क्रेडिट कार्ड चालतं. आधी काढलीत तर हायातोकु नावाची सवलत मिळते, पण त्या तिकिटांचे कोटे मर्यादित असतात. वेळ भरपूर असेल तर प्लाट कोदामा ही प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्या गाडीची स्वस्त योजना आहे. त्यात ठरलेलीच गाडी पकडावी लागते, ती चुकली की तिकीट गेलं.

तुम्ही मे महिन्यात जाताय म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंत तिथे गोल्डन वीकची सुट्टी असते. त्या काळात नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात, "चढू आणि बसू" चालत नाही. आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि त्यांची ही सुट्टी एकत्र येतात, त्यामुळे आपल्याकडची कुटुंबं इथेच अडकतात. शक्य असेल तर ६ मेनंतर निघा. नाहीतर जागा महिनाभर आधीच धरून ठेवा.

देशभराचा पास कधी फायद्याचा? सात दिवसांत तीन-चार खूप लांबचे टप्पे असतील तेव्हा. टोकियो ते फुकुओकाचं हाकाता स्टेशन एका बाजूचं साधारण २३ हजार येन. जाऊन-येऊन ४६ हजार झाले, त्यात वाटेतलं हिरोशिमा आणि हाकाताच्या पुढचं नागासाकी धरलं की पास वसूल. वयाची सहा ते अकरा वर्षं पूर्ण असलेल्या मुलांना अर्धा दर, तेव्हा मुलांचीही बेरीज वेगळी करा.

तरीही तो पास घ्यायचा ठरलाच, तर एजंटकडचा आणि अधिकृत संकेतस्थळावरचा फरक आधी समजून घ्या. एजंट देतो तो पास नसतो, एक्स्चेंज ऑर्डर असते. ती तीन महिन्यांत जपानमधल्या मोठ्या जेआर कार्यालयात नेऊन खऱ्या पासमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि पास हातात येईपर्यंत जागा धरता येत नाहीत. अधिकृत संकेतस्थळावरून घेतला तर घरबसल्या ऑनलाइन जागा धरता येतात, आणि मेमध्ये जाणाऱ्याला याच सोयीचं मोल आहे. एजंटच्या रुपयातल्या भावाचीही तुलना करा. येन ५८ पैसे धरला तर ५०,००० येन म्हणजे २९,००० रुपये. कार्डावर परकीय चलनाचं ३.५ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी धरला तरी साधारण १,२०० रुपये वाढतात. एजंट ३०,२०० च्या वर सांगत असेल तर ती वाढ त्याच्या भावाची किंवा सेवाशुल्काची.

व्हिसा हातात येण्याआधी पैसे भरू नका, परताव्यात कापाकापी होते.

पास बदलून घेताना ते सुरुवातीची तारीख विचारतात. ती तीस दिवसांच्या आतली कोणतीही असू शकते, पण एकदा पास छापला की बदलत नाही. पास तारखेनुसार चालतो, २४ तासांच्या हिशेबाने नाही. रात्री आठला उतरून त्याच दिवसापासून सुरू केलात तर एक अख्खा दिवस चार तासांत संपतो.

हा पास साध्या तिकिटाएवढा छोटा कागद आहे. फाटकात घातला की आत ओढला जातो आणि पलीकडच्या टोकाला वर येतो. मागून गर्दी ढकलत असते आणि लोक तो तिथेच विसरतात. हरवला तर दुसरा मिळत नाही. पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा आणि फाटक ओलांडल्यावर हातात आहे की नाही ते बघूनच पुढे पाऊल टाका.

पास देताना पासपोर्टवर "टेम्पररी व्हिजिटर" असा शिक्का किंवा स्टिकर आहे का ते बघतात. विमानतळावर काउंटर सोडण्याआधीच तो बघून घ्या. नोकरीच्या व्हिसावर तिकडे राहणाऱ्या आपल्या भारतीय माणसांना हा पास मिळत नाही, त्यामुळे टोकियोतल्या भावा-बहिणीसाठी इथून घेऊन जाऊ नका. आणि मुक्काम टोकियोतल्या निशि-कासाई भागात नातेवाइकांकडे असेल तर तिथलं स्टेशन टोकियो मेट्रोच्या तोझाई मार्गावर आहे, जेआरचं नाही. तिथून रोज ये-जा करायला कुठलाच जेआर पास चालणार नाही, सुइका या प्रीपेड प्रवास कार्डात पैसे भरून ठेवा.