‘स्नार्ल’ला एकच मराठी शब्द शोधू नका

रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या जेटीवरच्या फलकाच्या इंग्रजी मजकुरात ‘स्नार्ल’ (snarl) दोनदा आलाय, एकदा जाळ्याच्या गुंत्यासाठी आणि एकदा भटक्या कुत्र्यांच्या गुरगुरण्यासाठी, आणि अनुवादाच्या शब्दसूचीत मराठी प्रतिशब्द मात्र एकच भरायचाय, असं तुम्ही लिहिलंय. तसा भरू नका. याच रकान्यापायी माझा मजकूर एका कार्यालयाने बिघडवला होता. ‘एकवाक्यता’ हवी म्हणून सगळीकडे ‘गुरगुरणे’ घातलं आणि ‘पंख्यात गुरगुरलेली दोरी’ असं छापलं. चूक दाखवली तर उत्तर एकच, सूचीत तेच आहे! म्हणून सूचीतच १ आणि २ असे आकडे घालून दोन स्वतंत्र नोंदी करा, आणि प्रत्येकीपुढे एक वाक्य द्या. नुसता स्वल्पविराम टाकून दोन शब्द दिलेत तर पुढचा माणूस पहिलाच उचलतो.

मुळात हे शब्दच दोन आहेत, जसा आपला माळरानाचा माळ आणि मण्यांची माळ. गुंत्याचा स्नार्ल ‘स्नेअर’ म्हणजे फास, त्यावरून आला, चौदाव्या शतकात. गुरगुरण्याचा सोळाव्या शतकातला, ‘स्नार’ या जुन्या क्रियापदावरून.

इंग्रजीत ‘स्नार्ल’नंतर ‘अप’ (up) असेल तर गुंता, ‘ॲट’ (at) असेल तर गुरगुरणं. जाळं गुंततं, बोटीच्या पंख्याला मात्र दोरी ‘गुंडाळली’ म्हणा, गुंतली नव्हे. केसांत गुंता होतो (गुंतवळ नको, ती विंचरून निघालेल्या केसांची). आणि ‘ट्रॅफिक स्नार्ल’ म्हणजे गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला होते ती वाहतूक कोंडी. ‘वाहतुकीचा गुंता’ कागदावर बरा दिसतो, पण गाडीत अडकलेला माणूस तसं म्हणत नाही.

कुत्र्याच्या बाबतीत नुसतं ‘गुरगुरणे’ अपुरं आहे. स्नार्लमध्ये ओठ वर चढतो, सुळे दिसतात, नाकावर आठ्या पडतात. म्हणून ‘दात विचकून गुरगुरणे’. फलकावर लोकांना दिसणारी खूण सांगायला हवी: ‘कुत्रा दात विचकून गुरगुरत असेल तर पळू नका, नजर भिडवू नका, सावकाश मागे सरा.’ कथेतला माणूस स्नार्ल करतो तेव्हा तो ‘खेकसतो’ किंवा ‘गुरकावतो’.

हे सगळं प्रमाण मराठीपुरतं. बंदरावरच्या बोलीत जाळ्याच्या गुंत्याला निराळा शब्द असू शकतो, तेव्हा छपाईआधी मजकूर एखाद्या तांडेलाला (मासेमारी बोटीच्या म्होरक्याला) मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे अडखळेल तो शब्द बदला.