कातळावरची पायरी का सुटते?

प्रश्न : समुद्रकाठच्या काळ्या कातळावर होडीकडे उतरायला काँक्रीटच्या पायऱ्या केल्या होत्या. जाडी तीन इंच, सिमेंट भरपूर. दोन पावसाळ्यांत खालच्या तीन पायऱ्या अख्ख्या सुटून आल्या. सिमेंट आणखी वाढवावं का? (दापोली तालुका)

उत्तर : नको. सिमेंट वाढलं की काँक्रीट जास्त आकसतं आणि कडा लवकर उचलतात. आधी सुटलेली पायरी उलटी करून तळ बघा. तळाला दगडाच्या कपच्या चिकटलेल्या असतील तर जोड चांगला होता, कातळाचा वरचा थरच कुजका होता. तळ गुळगुळीत असेल तर काँक्रीटने दगड धरलाच नव्हता. तुमच्या पायऱ्या अख्ख्या निघाल्या, म्हणजे बहुधा हेच झालंय.

लाटांनी घासलेल्या सपाट जोडात एका कडेला चीर पडली की ती विनाअडथळा पलीकडे जाते. जोड दातेरी असेल तर चिरेला प्रत्येक दात चढावा तरी लागतो, नाहीतर तोडावा तरी. दगडाचा घर्षणकोन (ज्या उतारावर दगडावरून दगड घसरू लागतो तो कोन) 35 अंश आणि दातांचा चढ 20 अंश धरला, तर घसरणीला 55 अंशांचा विरोध होतो, म्हणजे घर्षणाचा गुणांक 0.7 वरून 1.4 वर जातो. हा हिशेब खडकांच्या घसरणीचे अभ्यासक पॅटन यांनी 1966 मध्ये मांडला. मात्र दात फार उभे असले तर मुळातून तुटतात. आणि फटीत शिरलेली लाट पायरी खालून उचलते, तिथे दात कामाचे नाहीत; तिथे सळ्याच हव्यात.

काम भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा), ओहोटीला धरा. शेवाळ, कालवं पूर्ण खरवडा. मग छिन्नीने टाचून निदान 6 मिमी उंचसखलपणा आणा. खाचा उताराला आडव्या हव्यात, उताराच्या दिशेने मारलेल्या खाचा घसरण थांबवत नाहीत. उतार मोठा असेल तर 300 मिमी रुंदीचे टप्पे काढा, आतल्या बाजूला किंचित कललेले. टप्प्याचे आतले कोपरे गोलसर ठेवा, कारण टोकदार कोपऱ्यात हवा अडकते आणि चीर तिथूनच निघते. मोठा ब्रेकर (दगड फोडायचं यंत्र) लावू नका. वरून दगड खडबडीत दिसतो, पण खाली बारीक तडे जातात आणि पुढे तोच थर सुटतो. काँक्रीटची कड पातळ करत शून्यावर नेऊ नका, तिथे 50 मिमी खोल उभी खाच घ्या.

गोड्या पाण्याने धुऊन कातळ रात्रभर भिजवा. ओतताना दगड ओला हवा, वर पाणी साचलेलं नको. सिमेंटची रबडी ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच काँक्रीट टाका. सुकलेली रबडी म्हणजे जोडात कागद घातल्यासारखंच. 12 मिमीच्या सळ्या 500 मिमी अंतरावर, कातळात 150 मिमी खोल, इपॉक्सीने (दोन भाग मिसळून वापरायच्या चिकट मसाल्याने) बसवा. भरतीच्या पट्ट्यात सळीवर 75 मिमी कव्हर (काँक्रीटचं आवरण) लागतं, म्हणून जाडी 150 मिमी ठेवा. तीन इंचांत ते बसत नाही. काँक्रीट एम 40 ताकदीचं, पाणी-सिमेंट प्रमाण वजनाने 0.40 च्या आत.

प्रश्न : चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, काँक्रीटचा पट्टा टाकायचाय. चिराही टाचायचा का? (गुहागर)

उत्तर : गरज नाही. जांभ्याची भोकंच काँक्रीट धरतात, आणि टाचल्याने मऊ दगड फक्त सैल होतो. भोकांतली लाल माती ब्रश आणि पाण्याने काढा. चिरा नीट भिजवा, नाहीतर तो काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतो आणि जोडाशीच भुगा राहतो.